हलत्या जोत्यावरचे सात मजली लाकडी घर

घर बांधायचे म्हटले की आपण आधी जोते पाहतो. जोते हलले तर घर हलले, हे लहान पोरालाही कळते. पण वाचकहो, एक गाव असे आहे की तिथे जोते मुद्दाम हलवण्यासाठीच बांधले आहे. त्या जोत्यावर खरीखुरी घरे उभी करतात आणि मग ते असे गदागदा हलवतात की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावे. हे गाव जपानात आहे. त्याचे नाव मिकी. आज आपण तिकडे जाऊन येऊ. वाट लांबची आहे, पण परत येताना आपल्याच घराकडे येणार आहे.

जपानच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर कोबे नावाचे मोठे बंदर आहे. समोर समुद्र, पाठीशी डोंगराची रांग. डोंगर ओलांडून वायव्येला गेलात की मिकी लागते. इथे तुम्हाला परके वाटणार नाही, कारण नजर जाईल तिकडे भातखाचरे. इथला यामादा निशिकी नावाचा भात साऱ्या जपानात नावाजलेला आहे. १९३६ साली त्याला हे नाव मिळाले. तो खायचा भात नव्हे. साके नावाची जपानी दारू त्यापासून करतात. दाणा टपोरा, ताट उंच. आणि म्हणूनच शेतकऱ्याला त्याचा घोर. लोंबी भरली आणि वारा सुटला की उभे पीक लोळते. आपली ज्वारी ऐन कणसात आली असताना वादळात सापडते, तसेच. वर भार आणि खाली बारीक ताट असले की काय होते, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मिकीची दुसरी ओळख हत्यारांची. करवती, रंधे, पटाशा, गवंड्यांच्या थाप्या. सुतार-गवंड्याला लागते ते सारे इथे घडते. १५८० साली मोठा वेढा पडून इथला किल्ला पडला. गावाची राखरांगोळी झाली. मग गाव पुन्हा उभे करायला ठिकठिकाणचे सुतार आणि लोहार आले आणि इथलेच झाले, असे तिथे सांगतात. त्यांची करवत ढकलताना नव्हे, ओढताना कापते. रंधाही ते आपल्या अंगाकडे ओढतात. अशा गावात लाकडी घरांची परीक्षा व्हावी हा योगायोग असेल, पण शोभून दिसणारा आहे.

आता ते हलते जोते का बांधावे लागले, ते ऐका.

१७ जानेवारी १९९५. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटे. थंडीचे दिवस, माणसे अंथरुणात. कोबे आणि आसपासची धरणी हादरली. पुरते अर्धे मिनिटही नाही, आणि शहर आडवे झाले. ६,४३४ माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली चिरडून गेली. आणि ही घरे बरीचशी लाकडाची होती.

इथे तुम्ही थबकाल. लाकूड तर हलके, लवचिक. भूकंपात लाकडाचे घर चांगले, असे आपण ऐकतो. मग कोबेत असे का झाले? कारण तिथल्या जुन्या घरांच्या डोक्यावर जड कौले होती आणि कौलांखाली चिखलाचा थर. समुद्रावरून येणाऱ्या तुफानात छप्पर उडू नये म्हणून वाडवडिलांनी ते जड केले होते. खालच्या मजल्याला मात्र मोठमोठी दारे-खिडक्या आणि भिंती थोड्या. कुठे खांबाचे बूड वाळवीने खाल्लेले, कुठे ओलीने कुजलेले. जमीन आडवी हलली तसे वरचे ओझे एका बाजूला गेले आणि खालचे खांब निसटले. यामादा निशिकीचे पीक लोळते तशी घरे लोळली.

म्हणजे घर वाऱ्यासाठी बांधले होते, आणि आला भूकंप.

या घावानंतर जपान सरकारने ठरवले, की घर भूकंपात कसे वागते ते कागदावर न पाहता डोळ्यांनी पाहायचे. त्यासाठी मिकीला हे जोते बांधले. २००५ साली ते सुरू झाले. त्याला ई-डिफेन्स म्हणतात. लांबी २० मीटर, रुंदी १५ मीटर. आपल्या हिशेबाने जवळजवळ तीन गुंठे. पोलादाचा हा भलामोठा पाट १,२०० टन वजन अंगावर घेऊन हलू शकतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उचलतो ना, तशाच पण राक्षसी दांड्या खालून आणि बाजूंनी लावलेल्या आहेत. त्या पाटाला मागेपुढे, डावीउजवीकडे, खालीवर असा तिन्ही अंगांनी हलवतात. कोबेच्या भूकंपात यंत्रांनी टिपलेला धक्का जसाच्या तसा इथे पुन्हा देता येतो.

त्याच वर्षी, २००५ मध्ये, एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग झाला. जवळच्या आकाशी शहरातली, सुमारे ३० वर्षांची, जवळजवळ सारखी दोन लाकडी घरे आणून या पाटावर शेजारी शेजारी ठेवली. एक होते तसेच. दुसऱ्याच्या भिंती आतून बळकट केल्या आणि खांब-तुळयांच्या जोडांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या. मग दोघांना कोबेचा एकच धक्का दिला. जसेच्या तसे ठेवलेले घर काही सेकंदांत कोसळले. डागडुजी केलेले घर उभे राहिले. लाकूड तेच, वय तेच, धक्का तोच. फरक होता तो जोडांचा आणि भिंतींचा.

हे झाले दोन मजली घराचे. मग प्रश्न आला, की लाकडाच्या माड्यांवर माड्या चढवल्या तर? सहा, सात, दहा मजले? असे घर भूकंपात टिकेल का?

उत्तर इटलीतून आले. इटलीच्या उत्तरेला आल्प्स पर्वतात त्रेंतिनो नावाचा मुलूख आहे. डोंगरभर स्प्रूसची जंगले. आपल्या देवदाराच्या कुळातले हे झाड. तिथल्या लाकूडतज्ज्ञांनी सात मजल्यांचे घर तयार करून बोटीने जपानला आणले आणि मिकीच्या पाटावर उभे केले. उंची साडेतेवीस मीटर, म्हणजे ७७ फूट. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याला एकामागून एक धक्के दिले. त्यांत कोबेचाही धक्का होता, पुऱ्या जोराचा. घर डोलले, करकरले आणि पुन्हा ओळंब्यात सरळ उभे राहिले. जोडांतले काही खिळे आणि पट्ट्या थोड्या ओढल्या गेल्या, एवढेच.

याच्या भिंती कशाच्या होत्या? सर्वांत खालच्या मजल्याची भिंत सुमारे १४ सेंटिमीटर जाड, म्हणजे वीतभरही नाही. पण ती एकसंध फळी नव्हती. तुम्ही प्लायवूड पाहिले असेल. त्यात पातळ पापुद्रे एकावर एक, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे चिकटवलेले असतात. तसेच हे, पण पापुद्र्यांऐवजी जाड फळ्या. एक थर उभा, एक आडवा, पुन्हा उभा. असे तीन, पाच, सात थर सरसाने चिकटवून दाबतात. अख्खी भिंत, अख्खा मजला कारखान्यातून तयार होऊन येतो. याला सीएलटी म्हणतात. लाकूड रेषेच्या दिशेने बळकट असते, पण रेषांवरून सहज चिरते, हे कुऱ्हाड चालवणाऱ्याला सांगायला नको. उभ्या-आडव्या थरांनी ती खोड मोडते. ओल-उन्हाने वाकणेही कमी होते. आणखी एक सोय अशी, की त्याला प्रचंड बुंधा लागत नाही. साध्या, मध्यम झाडांच्या फळ्यांतून मोठी भिंत होते.

आता हे घर का टिकले? कारणे तीन आहेत.

पहिले कारण वजन. भूकंप घराला बाहेरून धक्का देत नाही. जमीन पायाखालून सरकते आणि घर जागच्या जागी राहू पाहते. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभ्या माणसाचे होते तेच घराचे होते. डोक्यावर भरला हंडा असेल तर तोल जातो. रिकामी पाटी असेल तर माणूस सावरतो. घर जेवढे जड तेवढा झटका जास्त. काँक्रीटच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २,४०० किलो. स्प्रूसच्या लाकडाचे सुमारे साडेचारशे. म्हणजे पाचवा हिस्सा.

दुसरे कारण पेटीसारखी बांधणी. चारी भिंती, खालची जमीन, वरचे छत सारे एकमेकांत पक्के जोडलेले. पेटीला कुठूनही ढकला, तिच्या बाजू एकमेकींना धरून ठेवतात.

तिसरे कारण जोड, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे. लाकूड फार ताणले तर वाकून राहत नाही, काडकन मोडते. म्हणून धक्का लाकडाने सोसायचा नाही, जोडांनी सोसायचा, अशी योजना असते. जोडांत लोखंडी कोनपट्ट्या आणि पुष्कळ बारीक खिळे. धक्का आला की खिळे थोडे वाकतात, लाकडात थोडे सरकतात, आणि धक्क्याचा जोर तिथेच जिरतो. बैलगाडीचे जू आपण खिळ्याने ठोकत नाही, दोराने बांधतो. का? खाचखळग्यात ते थोडे हलले पाहिजे. पक्के ठोकले तर पहिल्या खड्ड्यात काहीतरी मोडेल. धरून ठेवायचे, पण जरा हलू द्यायचे. हीच ती युक्ती.

जपानी सुतारांना ती नवी नव्हती. नारा शहराजवळ होर्यूजी मंदिराचा पाच मजली लाकडी मनोरा आहे. उंची सुमारे ३२ मीटर, वय सुमारे १,३०० वर्षे. भूकंपांच्या देशात तो अजून उभा आहे. त्याचे मजले एकमेकांत खाचा-कुसवांनी बसवलेले आहेत. धक्क्यात ते एकमेकांवर घासतात, डोलतात आणि जागेवर येतात.

पण मिकीच्या प्रयोगात एक उणेही दिसले, ते लपवायला नको. हलके आणि ताठ घर वरच्या मजल्यावर फार जोराने झटकते. भिंती राहिल्या, तरी कपाटे-भांडी आणि माणसे फेकली जाण्याचे भय राहते. शिवाय जोडांतले खिळे एकदा वाकले की दुरुस्ती आली.

याचा विचार न्यूझीलंडमध्ये पुष्कळ झाला. तिथल्या क्राइस्टचर्च शहरात २२ फेब्रुवारी २०११ रोजी भूकंप झाला आणि १८५ माणसे गेली. पण उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतीही पुढे पाडाव्या लागल्या, कारण त्या वापरण्याजोग्या उरल्या नव्हत्या. घर पडले नाही, पण राहताही येत नाही, अशी गत. त्याच शहरातल्या कँटरबरी विद्यापीठात आधीपासून एक रीत तयार होत होती. उंच लाकडी भिंत पायाला घट्ट न ठोकता त्यावर नुसती उभी करायची आणि तिच्यातून वरपासून खालपर्यंत पोलादी सळया ताणून बसवायच्या. धक्का आला की भिंतीची एक कड किंचित उचलते, भिंत डोलते, आणि मांडवाच्या ताणलेल्या दोराप्रमाणे सळया तिला पुन्हा उभी करतात. कडेला पोलादाचे छोटे वाकडे तुकडे बसवतात. ते वाकून जोर खातात. नंतर तेवढेच बदलायचे.

या रीतीची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या विद्यापीठाकडे उघड्या मैदानात असेच हलते जोते आहे. मे २०२३ मध्ये त्यावर दहा मजल्यांची, ११२ फूट उंचीची लाकडी इमारत उभी होती. तिला १९९४ सालच्या लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिज भूकंपाचा आणि १९९९ सालच्या तैवानच्या भूकंपाचा धक्का दिला. इमारत डोलली आणि सरळ झाली. मुख्य सांगाड्याला म्हणावी अशी इजा झाली नाही. आणि आता हे प्रयोगापुरतेच राहिलेले नाही. जपानात योकोहामाला एका बांधकाम कंपनीने २०२२ साली ११ मजल्यांची लाकडी इमारत उभी केली आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे दूरदेशीचे. आमच्याकडे ना स्प्रूसचे जंगल, ना सात मजले. खरे आहे. पण आता आपल्याकडे या.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. किल्लारी आणि लातूर-उस्मानाबादची (आजचा धाराशिव) शेजारची गावे हादरली. आठ-दहा हजार माणसे गेली. भूकंपाचा जोर जगाच्या मानाने फार मोठा नव्हता, ६.२ ते ६.४. एवढ्या भूकंपात एवढी माणसे का गेली? तेच कारण. दोन ते चार फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत बांधलेल्या. वर माळवद, त्यावर दरसाल घातलेल्या मातीचा थरावर थर. उन्हाळ्यात आत गार वाटावे म्हणून. कोबेकरांनी तुफानासाठी छप्पर जड केले, आपण उन्हासाठी. दोघांनाही जमिनीने फसवले.

आणि एक गोष्ट नीट पाहा. मराठवाड्यात खणांचे घर असते. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या. घराचा मोठेपणा आपण खणांत मोजतो. माळवदाचे ओझे जिथे अशा खांबांवर होते, तिथल्या काही घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. भिंत दगडाची होती, पण आतून पोकळ मनाची. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मधे लहान दगड-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगडच नाही. धक्का बसताच पदर सुटे झाले आणि माणसांच्या अंगावर आले.

त्यानंतर दगडाच्या घराचे भय बसले, ते साहजिक आहे. पण भयाच्या भरात एक घातक गोष्ट होऊ शकते, आणि आजच्या या सगळ्या फेरफटक्याचे कारण तेच आहे. जुने खांब-तुळया काढून विकायच्या आणि त्याच मातीतल्या दगडी भिंतींवर सिमेंटचा स्लॅब ओतायचा. वरून घर पक्के दिसते. पण खालचा सांगाडा गेला, डोक्यावर भार चढला आणि भिंती मात्र होत्या तशाच सुट्या. हे पक्के घर नव्हे. भरला हंडा काठीवर तोलण्याचा हा प्रकार आहे. स्लॅब घालायचा तर त्याच्यासाठी नवे खांब किंवा सिमेंटात बांधलेल्या आणि पट्टीने जखडलेल्या भिंती आधी हव्यात.

जुने घर ठेवायचे असेल तर चार कामे करा. माळवदावरची जादा माती उतरवा. पाणी गळू नये आणि ऊन लागू नये एवढीच ठेवा. खांबांची बुडे उकरून पाहा. टोच्याने टोचून वाळवी किंवा कूज दिसली तर तेवढा भाग सुताराकडून बदला. खांब आणि तुळई जिथे भेटतात, तिथे तिरके दांडे आणि लोखंडी पट्ट्या ठोकून घ्या. आकाशीच्या त्या घराला याच कामाने वाचवले. आणि भिंतीत आरपार दगड किंवा त्याऐवजी सळईसकट सिमेंटचे तुकडे बसवा. नव्याने दगडी भिंत बांधत असाल, तर १९९३ सालच्या भारतीय मानकात सांगितले आहे, की दर दोन फूट उंचीला आणि आडवे जास्तीत जास्त चार फुटांवर एक आरपार दगड असावा, आणि भिंत दीड फुटापेक्षा जाड नसावी. दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग पट्टी असावी. पेटीला जशी पोलादी पट्टी, तशी ही घराला. भिंती उघडण्याआधी मात्र जाणकार इंजिनियरला दाखवा.

या कामांना फार मोठा पैसा लागत नाही. एका सुगीनंतर माती उतरवावी, दुसरीनंतर जोड आवळावेत. घरातल्या बायामाणसांनी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कुठे झोपायचे, हेही याच हिशेबात पाहा. जाड सुट्या भिंतीला लागून अंथरूण नको, खांबांच्या खणात असावे.

मिकीचे जोते माणसे ठरवतात त्या दिवशी हलते. आपले जोते कधी हलेल, ते कुणी सांगत नाही. पण हलले तर काय धरून राहील आणि काय सुटेल, हे आज दिवसाउजेडी पाहता येते. या आठवड्यात एकदा वर माळवदावर चढा आणि मातीचा थर किती हात झाला आहे, ते मोजा.